मधली कमान

त्या वर्षी पाऊस दोन महिने जास्त राहिला आणि चर्चच्या मधल्या कमानीत भेग पडली. ती आधी माझ्या बायकोला कळली. चर्च झाडायचं काम तिच्याकडे होतं. वेदीकडे जाणाऱ्या वाटेवर, बरोबर मध्यावर, तिला रोज चिमूटभर चुना पडलेला दिसायचा. तीन दिवस तिने तो झाडून टाकला. चौथ्या दिवशी मला हाक मारली.

“अहो, हे उंदराचं काम नाही. हे वरून येतंय.”

मी शिडीला शिडी बांधून वर गेलो. कमानीच्या माथ्यावरचे सात दगड जागेवरून हलले होते. पन्हळीतून कुठल्याशा झाडाचं मूळ आत शिरलं होतं आणि सांध्यांतला चुना त्याने भुगा करून टाकला होता. मी थापीचं टोक घातलं तर ते मुठीपर्यंत आत गेलं.

आमचं गाव सहाशे उंबऱ्यांचं आणि चर्च दोन हजार माणसांचं. एवढं मोठं कशाला, तर शेजारच्या गावाने एक मनोरा बांधला होता म्हणून आमच्या लोकांना दोन हवे होते. काळ्या दगडाच्या तीन हात जाड भिंती. चोवीस हातांची रुंदी आणि मधे एकही खांब नाही. सगळं छप्पर तीन कमानींवर. बांधायला एकतीस वर्षं लागली. प्रत्येक घराने आठवड्यातून एक दिवस फुकट दगड वाहायचा. जे घर आलं नाही त्या घरातलं लग्न त्या वर्षी लागत नसे. उजवा मनोरा डाव्याच्या कमरेपर्यंत येऊन चौदा वर्षं थांबला होता, तेव्हा येणारे-जाणारे त्याला लंगडं चर्च म्हणत. मग गावाने आठवड्याचे दोन दिवस केले.

पहिला गवंडी माझ्या पणजोबांचा बाप. वेदीच्या मागच्या भिंतीला टेकून दोन खोल्या आहेत, त्या त्याला राहायला दिल्या. अट अशी की, या घरातला पुरुष चर्चचं चुन्याचं काम करील आणि कमिटीला ते पसंत पडेल, तोवर घर त्यांचं. आमच्या चुलीमागची भिंत म्हणजे वेदीची पाठ. सकाळची मिस्सा, म्हणजे फादरांची उपासना, आम्हाला अंथरुणात ऐकू येते.

आणखी एक रीत होती. कमान बांधताना तिच्याखाली लाकडाचा साचा आणि टेकू असतात. काम झालं की टेकूंच्या पायाशी ठोकलेल्या पाचरी काढायच्या, टेकू सैल होतात, साचा खाली येतो आणि कमान स्वतःच्या जिवावर उभी राहते किंवा राहत नाही. पाचरी काढणारा भिंतीलगत असतो. तिथे वरून काहीही आलं तरी त्याच्या केसाला धक्का लागत नाही. पहिल्या वेळी गाव म्हणालं, तू कडेला आणि उद्या आम्ही मधे, हे बरं आहे. तुझी माणसं मधे उभी कर. त्याने केली. तेव्हापासून कमानीला हात लागला की गवंड्याचं घर खाली उभं राहतं. माझी आई तीनदा उभी राहिली होती. माझी बायको एकदाही नाही, कारण आमच्या लग्नानंतर कमानीला हात लावायची वेळच आली नव्हती.

कमिटीची बैठक फादरांच्या ओसरीवर झाली. अध्यक्ष वीटभट्टीचे मालक. गाव त्यांना भट्टीवाले म्हणतं.

“चार महिने लागतील,” मी म्हणालो.

“चार महिने? मिस्त्री, चार महिन्यांत माझ्या भट्टीतून एक गाव बाहेर पडतं.”

“वीट भाजली की झाली. चुन्याला घाई चालत नाही. त्यात हवा ओली आहे.”

“बिशप साठाव्या दिवशी येतायत. दीडशे वर्षं पूर्ण होतायत चर्चला. त्यांना कळवू का, हवा ओली आहे, नंतर या?”

सगळे हसले. मीही हसलो.

“तुम्हाला जमत नसेल तर सांगा,” भट्टीवाले म्हणाले. “शहरातला ठेकेदार सिमेंटने वीस दिवसांत करून देतो म्हणतोय. त्याचं काही मागणं नाही. सामान ठेवायला फक्त दोन खोल्या हव्यात.”

दोन खोल्या चर्चच्या आवारात एकाच ठिकाणी होत्या. मी फादरांकडे पाहिलं. फादर नवीन होते, वयाने माझ्या धाकट्या भावाएवढे. ते कागदावर काहीतरी लिहीत होते.

“होईल साठ दिवसांत,” मी म्हणालो.

साचा माझ्या सासऱ्यांच्या जुन्या लाकडातून केला. सासरे सुतार होते. ते गेल्यावर त्यांची लाकडं तिच्या माहेरच्या पडवीत पडून होती, ती तिने मागून आणली. दोन्ही भिंतींलगत सहा-सहा टेकू, पाय भिंतीशी आणि डोकी तिरकी वर, साच्याखाली. मधली वाट मोकळी ठेवली, म्हणजे मिस्सा थांबली नाही. लोक टेकूंच्या मधून आत यायचे आणि वर बघत बसायचे. फादर म्हणाले, गावाने वेदीकडे एवढं लक्ष कधी दिलं नव्हतं.

सात दगड उतरवायला आम्हाला अठरा दिवस लागले. मी आणि भाऊ. मधला दगड दोन माणसांच्या वजनाचा, तो दोराने उतरवताना भावाच्या तळहाताचं कातडं निघालं. बायको चुना भिजवायची. कळीचा चुना पाण्यात पडला की उकळतो, त्याची वाफ डोळ्यांत जाते. ती तोंडाला पदर बांधून काठीने ढवळत राहायची. नंतर तोच चुना वाळूत मळायची, घमेल्यात भरायची आणि दोराला अडकवायची. तिच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या. जेवताना ती डाव्या हाताने ताट धरायची नाही, मांडीवर ठेवायची.

“तेल लाव,” मी म्हणायचो.

“लावलं की घमेलं निसटतं.”

आई दारात बसून बघायची. आईचे गुडघे गेले होते, जीभ शाबूत होती.

“आमच्या वेळी चुना पायाने मळायचो,” ती म्हणायची. “पायाची नखं गेली माझी. कुणाला सांगितलं का?”

“आत्ता सांगितलंत की,” बायको म्हणाली.

भाऊ वरून हसला. आईने तोंड फिरवलं आणि दोन दिवस सुनेच्या हातचं पाणी घेतलं नाही.

तेहतिसाव्या दिवशी शेवटचा दगड बसला. पुढे करायचं काही नव्हतं. वाट बघायची होती. पाऊस रोज थोडा थोडा येत होता. भिंतींना आतून घाम सुटायचा. मी सकाळ-संध्याकाळ वर जाऊन सांधे बघत होतो. नख दाबलं की उमटायचं. जुन्या साबणासारखा होता चुना, बाहेरून टणक वाटणारा आणि दाबला की दबणारा.

पन्नासाव्या दिवशी दुपारी मी आत गेलो तर बायको टेकूंना टकटक करत फिरत होती. वाकवलेल्या बोटाच्या पेराने मारायची आणि कान लावायची. बाराही टेकू तिने ऐकले.

“काय चाललंय?”

“बाबा असं बघायचे. ज्या टेकूवर ओझं नाही तो बद्द वाजतो. हे सगळे ताठ आहेत, अहो. एकही सैल नाही. कमान अजून लाकडावर झोपलीय.”

“पाचरी घट्ट मारल्यात म्हणून.”

“कच्चा आहे ना चुना?”

“वरचं कातडं ओलं आहे. आतून धरलंय.”

ती माझ्याकडे बघत राहिली. “वरून ओलं आणि आतून सुकं, असं मी कुठल्या भिंतीचं ऐकलं नाही. भाकरीचंसुद्धा नाही.”

मी चिडलो. म्हणालो, “सुताराने लाकडाचं बघावं.”

“लाकडाचंच बघतेय,” ती म्हणाली.

तिने शेवटच्या टेकूवर तळहात टेकला. मग म्हणाली, “मला एक कळतं. पाचरी काढायच्याच असतील तर काढा. तुमचा इलाज नाही, मला ठाऊक आहे. पण त्या वेळी आत कुणी नको. पडली तर दगड पडतील. दगड परत लावता येतात.”

ते मला पटलं. पाचरी काढल्या आणि कमान बसली तर घर राहणार, पडली तर जाणार. त्यात खाली माणूस कशाला? मी हात धुतले, सदरा बदलला आणि फादरांकडे गेलो.

तिथे मास्तर बसले होते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते चर्चचा इतिहास लिहीत होते. दीडशे वर्षांची पुस्तिका छापायची होती. मास्तरांनी मनोऱ्यांची उंची मोजली होती, खिडक्या मोजल्या होत्या, दारातल्या संगमरवरी पाटीवरच्या देणगीदारांचे वंशज शोधून काढले होते.

“बरे आलात मिस्त्री,” मास्तर म्हणाले. “तुमच्याच घराण्यावर आहे मी आत्ता. ऐका.” त्यांनी चष्मा लावला. “‘आधार दूर होताच त्या विश्वासू कुटुंबावर पवित्र चुन्याचा शुभ्र वर्षाव झाला, आणि कमान अढळ राहिली.’ कसं वाटतं?”

ते खरं नव्हतं. पहिल्या वेळी माथ्यावरून मुठीएवढा दगडाचा कपचा सुटला आणि गवंड्याच्या सहा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात बसला. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत आहे. तिला डाव्या भिंतीच्या पायथ्याशी पुरलं, कारण पहिल्या मिस्सेचा समारंभ दुसऱ्या दिवशी होता आणि दफनभूमी अजून आखलेली नव्हती.

“छान आहे,” मी म्हणालो.

मग मी फादरांना विनंती केली की या वेळी रीत बाजूला ठेवा. मी आणि भाऊ पाचरी काढू, दारं लावून घेऊ.

“का?” फादरांनी विचारलं. “काही धोका आहे का?”

आता हे विचारणं साधं होतं. आहे म्हटलं असतं तर पाचरी थांबल्या असत्या, बिशपांच्या येण्याला चर्चमधे लाकडं उभी राहिली असती आणि दुसऱ्या दिवशी माझ्या चुलीपाशी ठेकेदाराची सिमेंटची पोती आली असती.

“धोका नाही,” मी म्हणालो.

“मग फार सुंदर परंपरा आहे ती,” फादर म्हणाले. “पुस्तिकेसाठी फोटोही घ्यायचा आहे. रविवारी मिस्सेनंतर करू, सगळे असतील.”

“तुमची मंडळी जरा घाबरट आहेत का?” मास्तरांनी हसत विचारलं.

“छे,” मी म्हणालो.

घरी बायकोने विचारलं, काय म्हणाले. मी सांगितलं, रीत आहे, ते मोडत नाहीत. फादरांनी मला काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, ते सांगितलं नाही. आई ऐकत होती.

“हा पोटात होता, सातवा महिना होता मला,” आई म्हणाली, “तेव्हा उभी राहिले मी पुढच्या कमानीखाली. कुणी विचारलं नाही, बाई तुझं काय मत. तुला पोटचं काही नाही, कडेवर काही नाही. तेवढी एक गोष्ट कर या घरासाठी.”

बायको चूल पुसत होती. पुसत राहिली.

“मी येईन तुझ्याबरोबर,” आई म्हणाली. “मला धरून ने. एकटीला भीती वाटत असेल तर.”

“भीती नाही वाटत,” बायको म्हणाली. “मला टेकू ऐकू आले, एवढंच.”

रविवारी ऊन पडलं होतं. बऱ्याच दिवसांनी. चर्च भरलं होतं, पण मिस्सा संपल्यावर लोक मागे सरकले. दोन्ही कडेचे बाक, दाराजवळची जागा, वरचा गायकांचा सज्जा, सगळीकडे माणसं. मधली वाट रिकामी. भट्टीवाले सहकुटुंब पहिल्या कमानीच्या अलीकडे खुर्च्यांवर होते. फोटो काढणारा तीन पायांचं स्टँड लावून तयार होता.

बायकोने आईला धरून आणलं. आईने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. मधोमध आल्यावर आईने हात सोडवून घेतला, काठी टेकली आणि ताठ उभी राहिली. बायको तिच्या शेजारी. तिने वर पाहिलं नाही, टेकूंकडे पाहत होती.

मी उजव्या भिंतीशी, भाऊ डाव्या भिंतीशी. दोघांच्या हातात हातोडे. मी एक म्हणायचं, दोन म्हणायचं आणि तिसऱ्याला दोघांनी एकदम पाचरीवर मारायचं, म्हणजे दोन्हीकडचं ओझं सारखं उतरतं. फादरांनी प्रार्थना म्हटली. लोकांनी उत्तर दिलं.

पहिली जोडी निघाली. काही झालं नाही. दुसरी निघाली. तिसऱ्या जोडीला साचा करकरला आणि थोडा चुना पडला. आईच्या डोक्यावर पडला. ती हलली नाही. लोकांतून कुणीतरी “वा” म्हणालं.

चौथ्या जोडीला आवाज आला. तो आवाज मी आधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. ओल्या जमिनीत कुणी सावकाश पाय बुडवावा तसा. कमान खाली बसत होती. मी वर पाहिलं. माथ्याचा दगड दोन बोटं उतरला होता आणि त्याच्या दोन्ही अंगाच्या सांध्यांतून ओला चुना बाहेर आला होता. पिळून काढल्यासारखा. त्याचा एक लोळा सुटला आणि बायकोच्या पायाशी फरशीवर पडला. फुटला नाही. चिखलासारखा पसरला.

तिने तो पाहिला. मग ती चालायला लागली. पळाली नाही. मधल्या वाटेने चार पावलं आली, कमानीच्या बाहेर आली आणि थांबली. तिथून तिने आईला हात केला. “आई, या इकडे.”

आई जागची हलली नाही. मग बायकांच्या बाकांवरून कुणीतरी हसलं, आणि त्यापाठोपाठ आणखी काही जण हसले. भट्टीवाले खुर्चीवरून अर्धवट उठले. “मिस्त्री,” ते मोठ्याने म्हणाले, “तुमच्या घरालाच भरवसा नाही, आम्ही कसा ठेवायचा?”

फोटोवाल्याने काळं फडकं डोक्यावरून काढलं.

मी हातोडा खाली ठेवला. तिच्याकडे गेलो. तिचा दंड धरला. ती हळू आवाजात म्हणाली, “तुम्ही पाहिलात ना चुना?”

“पाहिला.”

“मग?”

मी तिला चार पावलं मागे नेली आणि आईच्या शेजारी उभी केली. तिने हात सोडवला नाही. तिच्या दंडात मला काही जोर लागला नाही, आणि तेव्हापासून जेव्हा जेव्हा आठवतं तेव्हा तेच आठवतं. ओढावी लागली असती तर बरं झालं असतं.

आई तिला म्हणाली, “सरळ उभी राहा.”

मी भिंतीशी परत आलो. हातोडा उचलला. एक म्हणालो, दोन म्हणालो. पलीकडे भावाचा हात उठला नाही. त्याने हातोडा फरशीवर टाकला होता.

“दादा, पुरे,” तो म्हणाला. “मी नाही मारणार. दोन-दोन टेकू राहू दे. उद्या बघू.”

“उचल.”

“नाही.” आणि तो कडेच्या दाराने बाहेर निघून गेला.

मग उरलेल्या चार पाचरी मी एकट्याने काढल्या. एका बाजूची काढायची, पलीकडे जायचं, तिकडची काढायची. एका अंगाने ओझं उतरलं की कमान दुसऱ्या अंगाला झुकते, म्हणून असं कधी करायचं नसतं. मला ते माझ्या बापाने शिकवलं होतं. उजवीकडची काढली, मधली वाट ओलांडली, डावीकडची काढली, परत ओलांडली. तीनदा मी तिच्यासमोरून गेलो. पहिल्यांदा तिने माझ्याकडे पाहिलं. नंतर पाहिलं नाही. ती पायाशी पडलेल्या चुन्याकडे बघत होती. तिच्या कपाळावर घाम होता आणि त्याला चुना चिकटला होता.

शेवटची पाचर निघाली. साचा हातभर खाली आला. कमान राहिली.

कशावर राहिली ते मला माहीत नाही. चुन्यावर नाही. दगड एकमेकांत अडकले असतील. टाळ्या झाल्या. भट्टीवाल्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “नशीबवान आहात मिस्त्री. हाताला यश आहे तुमच्या.” मास्तरांनी आईला तिचं वय विचारलं आणि लिहून घेतलं. फोटोवाल्याने सगळ्यांना परत नीट उभं केलं. त्या फोटोत मी मधे आहे, आई डाव्या हाताला आहे, आणि बायको उजव्या हाताला, माझ्यापासून एका माणसाची जागा सोडून. फोटोवाला दोनदा म्हणाला, जवळ या. ती आली नाही.

घरी आल्यावर तिने आईचे केस धुतले. चुना केसांत वाळला की निघत नाही, ती तेल लावून बट सोडवत बसली. आई बोलत होती.

“चार पावलं. चार पावलांनी या घराची दीडशे वर्षं घालवलीस. हसले लोक.”

“हो आई. मान जरा खाली करा.”

मला तिने जेवायला वाढलं. रोजच्यासारखं. मी म्हणालो, “राहिली ना शेवटी.” ती म्हणाली, “राहिली.” नंतर ती त्या विषयावर बोलली नाही.

भाऊ आठवड्याने गाव सोडून गेला. जाताना त्याने तिला वाकून नमस्कार केला. मला नाही.

बिशप आले. त्यांनी वर पाहिलं आणि कमान छान आहे म्हणाले. पुस्तिका निघाली. त्यात लिहिलं होतं की गवंड्याचं कुटुंब परंपरेनुसार अढळ विश्वासाने कमानीखाली उभं राहिलं. घर आमच्याकडे राहिलं. कमिटीने तसा कागद केला, माझ्या हयातीपर्यंत. त्या कागदावर सही करताना भट्टीवाले म्हणाले, तुमच्यानंतर कोण आहे म्हणा.

झाडायचं काम तिने सोडलं नाही. पण मधल्या वाटेवर ती कमानीपर्यंत झाडायची, मग कडेने फिरून पलीकडे जायची आणि तिकडून झाडत यायची. कमानीखालची पट्टी मी झाडायचो. मिस्सेला ती कडेच्या दाराशी बसायची. बायका तिला बघून एकमेकींना म्हणायच्या, जरा सरक ग, वर भेग आहे. वर्षभर हे चाललं. मग लोक कंटाळले. आई मात्र कंटाळली नाही. दुसऱ्या वर्षी ती गेली, तोवर रोज काहीतरी म्हणायची. शेवटचे पाच महिने आई अंथरुणावर होती, तिचं सगळं बायकोने केलं.

चौथ्या वर्षी बायकोला खोकला लागला. छातीत चुना बसला होता, डॉक्टर म्हणाले. चुन्याचं काम करणाऱ्यांना होतं. हाडं वर आली. उठून बसवलं की ती भिंतीला टेकायची, वेदीच्या मागच्या भिंतीला, आणि खोकला थांबेपर्यंत हाताचं पेर भिंतीवर वाजवत राहायची. मी एकदा विचारलं, काय ऐकतेस. म्हणाली, काही नाही, हाताचा चाळा.

जायच्या आधी तीन दिवस ती सकाळी शुद्धीवर होती. मी तिला पाणी पाजत होतो.

“एक ऐका,” ती म्हणाली. “मला न्याल तेव्हा मधून नेऊ नका. कडेच्या दाराने न्या. तिकडेच ठेवा.”

“असं बोलू नये.”

“बोलले. न्याल ना?”

“नेईन.”

“खरं सांगा.”

“खरंच नेईन. शब्द देतो.”

तिने माझ्याकडे पाहिलं. तिने मान हलवली. तिचा विश्वास बसला की नाही, मला कळलं नाही.

ती गेली त्या दुपारी मी फादरांकडे गेलो आणि सांगितलं. फादर म्हणाले, “हरकत काय आहे? कडेच्या दाराने आणा. तिथे ठेवू. प्रार्थना कुठेही पोचते.” त्यांनी माझा हात धरला. या वेळी आडकाठी कुणाचीच नव्हती. घराचा कागद झालेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी उचलायला सहा जण आले. त्यांत भट्टीवाल्यांचा मुलगा होता आणि मास्तरांचा जावई होता. मी पेटीच्या मागे होतो. गल्लीतून वळून आम्ही आवारात आलो. कडेचं दार उघडं ठेवलं होतं. पण मोठं दारही उघडं होतं, घंटा वाजत होती, लोक पायऱ्यांवर दोन्ही बाजूंना उभे होते. पुढचे दोघे सरळ पायऱ्या चढले. मास्तर दाराशी उभे होते. ते जावयाला म्हणाले, “मधे घ्या, मधे. गवंड्याच्या घरातली बाई आहे. तिचा मान तिथेच.”

फादरांनी दुरून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या भुवया वर गेल्या होत्या. त्यांना वाटलं मी विचार बदलला.

मला फक्त “थांबा” म्हणायचं होतं. पुढे चाळीस पावलं होती. सहा माणसं, अंगावर ओझं, त्यांनी वळायचं, पायऱ्या उतरायच्या, गावाने बघायचं आणि कुणीतरी विचारायचं, का हो मिस्त्री? मग मी काय सांगणार होतो? तीस पावलं राहिली. वीस राहिली. भट्टीवाल्यांच्या मुलाचा श्वास मला ऐकू येत होता.

त्यांनी तिला कमानीखाली ठेवलं. बरोबर मध्यावर.

लोक दोन्ही बाजूंच्या बाकांवर बसले. मला पहिल्या बाकावर बसवलं. फादर तिच्याबद्दल बोलले, कष्टाळू होती म्हणाले. सगळे खाली पेटीकडे बघत होते. मी वर बघत होतो. माथ्याच्या दगडाच्या डाव्या सांध्यात केसाएवढी रेघ होती. ती नवीन होती की जुनी, ते मी मिस्सा संपेपर्यंत ठरवत होतो.